कचऱ्याची भट्टी आणि उष्णतेचा ताळेबंद

कचऱ्याची विल्हेवाट हा आज केवळ मोठ्या शहरांचा प्रश्न राहिलेला नाही. ग्रामपंचायती आणि लहान नगरपालिका यांनाही तो दररोज भेडसावतो. टाकण्यास जागा नाही, दुर्गंधीमुळे शेजारच्या वाड्यांची तक्रार आहे आणि पावसाळ्यात ढिगाऱ्याचे पाणी ओहोळात उतरते आहे, अशी स्थिती झाली म्हणजे सभेत साहजिकच एक सूचना पुढे येते: भट्टी बसवावी आणि कचरा जाळून टाकावा. मग भट्टीची किंमत, जागा, धुरांड्याची उंची आणि कामगारांची संख्या यांची चौकशी होते. परंतु या सर्वांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न बहुधा मागे राहतो. गावात गोळा होणारा कचरा स्वतःच्या उष्णतेवर जळेल काय?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. दुकानदार ज्याप्रमाणे दिवसाचा जमाखर्च मांडतो, त्याचप्रमाणे भट्टीतील उष्णतेचाही जमाखर्च मांडता येतो. कचऱ्यातून किती उष्णता जमा होते आणि ती कोणकोणत्या बाबींवर खर्च पडते, हे कागदावर लिहिले की शिल्लक उरणार की तूट येणार हे भट्टी बांधण्यापूर्वीच समजते. यालाच उष्णतेचा ताळेबंद म्हणतात. त्यासाठी गुणाकार आणि बेरीज यांपलीकडचे गणित लागत नाही.

दिल्लीतील अनुभव

हा हिशेब किती महत्त्वाचा आहे, हे दिल्लीच्या तिमारपूर येथील प्रकल्पावरून दिसून येते. १९८७ साली तेथे डेन्मार्कच्या तांत्रिक साहाय्याने कचरा जाळून वीज निर्माण करणारी मोठी भट्टी उभारण्यात आली. दररोज ३०० टन कचरा जाळावा आणि ३.७५ मेगावॅट वीज मिळवावी, अशी योजना होती. एक किलो कचऱ्यातून सुमारे १,४६२ किलोकॅलरी उष्णता मिळेल असे गृहीत धरून यंत्रसामग्रीची आखणी झाली होती. प्रत्यक्षात आलेल्या कचऱ्यातून मिळत होती ६०० ते ७०० किलोकॅलरी, म्हणजे अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी. काही दिवसांच्या चाचणीनंतर भट्टी थंडावली आणि १९९० साली प्रकल्प बंद करावा लागला. दोष यंत्राच्या बनावटीचा नव्हता. ज्या कचऱ्यासाठी यंत्र बांधले होते, तो कचरा आणि दिल्लीच्या गल्ल्यांतून येणारा कचरा यांत अंतर होते. आपल्याकडील कचऱ्यात भाजीपाल्याचे देठ, फळांच्या साली आणि उष्टे अन्न यांचा ओलावा असतो आणि झाडलोटीची माती असते. विकण्याजोगा कागद, पुठ्ठा व प्लास्टिक रद्दीवाले आणि कचरावेचक आधीच उचलून नेतात. मागे उरते ते बहुतांशी न जळणारे.

मोजण्याचे माप

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जितकी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. ३० अंशांवरील एक किलो पाणी उकळबिंदूपर्यंत, म्हणजे १०० अंशांपर्यंत नेण्यास ७० किलोकॅलरी पुरतात. मात्र तेच उकळते पाणी पूर्णपणे वाफेत रूपांतरित करण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. पाणी तापविणे स्वस्त आणि आटविणे महाग, ही गोष्ट चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कचऱ्याच्या भट्टीचे सारे यशापयश बव्हंशी याच एका गोष्टीवर अवलंबून असते.

कचऱ्याचे वजन तीन घटकांत विभागले जाते: ओलावा, राख आणि ज्वलनशील भाग. यांपैकी ओलावा उष्णता खातो. राख, म्हणजे माती, खडे, काच व धातू, जळत नाही, उलट तापताना थोडी उष्णता घेते. उष्णता जमा करणारा घटक एकच, तो म्हणजे कोरडा ज्वलनशील भाग. लाकूड, कागद, पालापाचोळा यांच्या कोरड्या भागातून किलोमागे साधारणपणे ४,००० ते ४,५०० किलोकॅलरी मिळतात. पॉलिथीनसारख्या प्लास्टिकमधून १०,००० हून अधिक मिळतात, परंतु त्याचे प्रमाण एकूण वजनात थोडे असते. पुढील हिशेबासाठी सरासरी ४,५०० किलोकॅलरी धरली आहे.

मिश्र कचऱ्याचा जमाखर्च

उदाहरणासाठी बाजारपेठ आणि घरे यांतून एकत्र गोळा केलेला १०० किलो मिश्र कचरा घेऊ. त्यात ५५ किलो ओलावा, २५ किलो राख आणि २० किलो ज्वलनशील भाग आहे, असे मानू. भट्टीतील वायूंचे तापमान ९५० अंशांपर्यंत गेले पाहिजे. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत दुहेरी कक्षाच्या भट्टीतील दुसऱ्या कक्षासाठी हेच किमान तापमान सांगितले होते आणि त्या तापमानात वायू किमान दोन सेकंद राहिले पाहिजेत अशी अट होती. याचे कारण असे की तापमान कमी पडले, तर धुरातील विषारी द्रव्ये पूर्णपणे जळत नाहीत.

जमा बाजू सोपी आहे. २० किलोला ४,५०० ने गुणले की ९०,००० किलोकॅलरी येतात. दुसरी कोणतीही जमा नाही.

आता खर्चाच्या बाबी पाहू.

पहिली बाब ओलावा आटविण्याची. एक किलो पाण्यास ७० अधिक ५४०, म्हणजे ६१० किलोकॅलरी लागतात. ५५ किलोंसाठी खर्च सुमारे ३३,६००.

दुसरी बाब वाफ तापविण्याची. आटलेले पाणी नाहीसे होत नाही. त्याची वाफ भट्टीतच असते आणि तिलाही १०० अंशांपासून ९५० अंशांपर्यंत तापावे लागते. एक किलो वाफेस प्रत्येक अंशासाठी सुमारे अर्धी किलोकॅलरी लागते. खर्च सुमारे २३,४००.

तिसरी बाब ज्वलनवायूंची, आणि ती सर्वांत मोठी आहे. एक किलो ज्वलनशील भाग जाळण्यास तत्त्वतः सहा किलोंच्या आसपास हवा पुरते. परंतु कचऱ्याचे तुकडे लहानमोठे व विषम असल्याने प्रत्येक तुकड्यापर्यंत प्राणवायू पोहोचावा म्हणून हवा जवळजवळ दुप्पट सोडावी लागते. येथे किलोमागे ११ किलो धरली, तर २० किलोंसाठी २२० किलो हवा झाली. जळालेल्या २० किलोंसह धुरांड्याकडे जाणारे वायू २४० किलो होतात. हवेच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नायट्रोजन असतो. तो ज्वलनास काहीच साहाय्य करीत नाही, मात्र तापून बाहेर जातो. एक किलो वायूस प्रत्येक अंशासाठी ०.२७ किलोकॅलरी लागते, या हिशेबाने ३० ते ९५० अंशांपर्यंतचा खर्च सुमारे ५९,६००.

चौथी बाब तापलेल्या राखेबरोबर जाणारी उष्णता, सुमारे २,५००. पाचवी बाब भट्टीच्या भिंतींतून झिरपणारी उष्णता. ती जमेच्या ५ टक्के धरल्यास ४,५००. सहावी बाब अर्धवट जळून राखेत राहणाऱ्या कोळशाची. ती ३ टक्के धरल्यास २,७००.

सहा बाबींची बेरीज १,२६,३०० किलोकॅलरी होते. जमा ९०,००० आणि खर्च १,२६,३००, म्हणजे तूट ३६,३०० किलोकॅलरींची.

तुटीचा अर्थ

उष्णतेच्या हिशेबात उधारी चालत नाही. तूट आली की भट्टी ती स्वतःच भरून काढते, आणि ते तापमान घटवून. वरील कचरा अन्य इंधनाशिवाय पेटता ठेवता आला तरी वायूंचे तापमान हिशेबाने साडेपाचशे अंशांच्या आसपास अडकते. इतक्या तापमानात कचरा धुमसतो, धूर काळा व उग्र होतो, राखेत अर्धवट जळालेल्या वस्तू दिसतात आणि प्लास्टिक, विशेषतः क्लोरिन असलेले पीव्हीसी, जळताना डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये तयार होऊन हवेत जातात. रस्त्याच्या कडेला पेटविलेल्या कचऱ्याच्या ढिगाची अवस्था तर याहूनही वाईट असते. म्हणूनच उघड्यावर कचरा जाळणे हे स्वच्छता राखणे नसून रोगाला आमंत्रण देणे होय.

तूट भरून काढण्याचा दुसरा उपाय डिझेल जाळणे हा आहे. एक लिटर डिझेलमधून सुमारे ८,५०० किलोकॅलरी मिळतात. त्यावरून चार-सव्वाचार लिटर पुरतील असे वाटण्याचा संभव आहे. येथेच अनेकदा हिशेब चुकतो. डिझेल जाळण्यासही हवा लागते आणि त्याचे स्वतःचे वायूही ९५० अंशांपर्यंत तापतात. तो वाटा वजा जाता लिटरमागे ४,६०० किलोकॅलरीच कचऱ्याच्या कामी येतात. म्हणजे १०० किलो कचऱ्यास सुमारे ८ लिटर डिझेल. दररोज १० टन कचरा येणाऱ्या गावास हा खर्च दिवसाला ८०० लिटरांवर जातो. असा खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस झेपणारा नाही. परिणामी डिझेल बंद होते, तापमान उतरते आणि शेवटी भट्टीला कुलूप लागते.

बाहेर जाणाऱ्या वायूंच्या उष्णतेने आत येणारी हवा आधीच तापवावी, अशीही सूचना केली जाते. ती योग्यच आहे. परंतु २२० किलो हवा ३० वरून २०० अंशांपर्यंत तापविली तरी सुमारे ९,००० किलोकॅलरींचीच बचत होते. ३६,३०० च्या तुटीपैकी २७,३०० तशीच राहते. यंत्रातील सुधारणा ओल्या कचऱ्याची उणीव पुरी भरून काढू शकत नाही, हाच याचा अर्थ.

वर्गीकरण केल्यास

आता त्याच गावात ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा ठेवला जातो, असे मानू. सुक्या कचऱ्यातून पुनर्वापराच्या वस्तू निवडून काढल्यावर मळका कागद, चिंध्या, करवंट्या, नारळाची सोडणे, लाकडाचे तुकडे, निरुपयोगी वेष्टने असा माल उरतो. अशा १०० किलोंत २५ किलो ओलावा, २० किलो राख आणि ५५ किलो ज्वलनशील भाग धरला, तर जमा २,४७,५०० किलोकॅलरी होते. खर्चाच्या बाजूस ओलावा आटविणे १५,३००, वाफ तापविणे १०,६००, ज्वलनवायू १,६३,९००, राख २,०००, भिंती १२,४०० आणि न जळालेला भाग ७,४००. एकूण खर्च २,११,६००. शिल्लक ३५,९०० किलोकॅलरी.

भट्टी तीच, कामगार तेच आणि गावही तेच आहे. तरीही पहिल्या हिशेबात तूट आहे आणि दुसऱ्यात शिल्लक. हा फरक भट्टीच्या दारात पडलेला नाही, तो घरातील दोन बादल्यांत पडला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्वलनवायूंवरील खर्च हा ज्वलनकक्षापुरता खर्च होय. कक्षाबाहेर पडल्यावर या तप्त वायूंवर बाष्पक तापवून वाफ आणि वाफेवर वीज निर्माण करता येते. मात्र वाफेला मिळालेल्या उष्णतेचा साधारणपणे पाचवा ते चौथा हिस्साच विजेत उतरतो. वरील १०० किलो सुक्या कचऱ्यापासून या हिशेबाने ४० ते ५० युनिट वीज मिळू शकेल. तूट असलेल्या भट्टीपासून वीज मिळविण्याची भाषा करणे म्हणजे डिझेल जाळून महागडी वीज विकत घेणेच होय.

समतोल कोठे साधतो

जमा आणि खर्च नेमके समान होण्यासाठी कचरा कसा असावा, हेही याच पद्धतीने काढता येते. राख २५ किलो कायम ठेवली, तर ज्वलनशील भाग ३६ ते ३७ किलो आणि ओलावा ३८ ते ३९ किलो असताना हिशेब जुळतो. ओलावा आटविण्याचा खर्च वजा करता अशा कचऱ्यातून किलोमागे सुमारे १,४०० किलोकॅलरी मिळतात. तिमारपूरच्या आराखड्यात १,४६२ हा आकडा होता आणि पुनर्वापर न होणारा, १,५०० किंवा त्याहून अधिक किलोकॅलरी देणारा कचरा जमिनीत न पुरता ऊर्जेसाठीच वापरावा, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात, कारण त्या सर्वांच्या मागे आगीचा एकच जमाखर्च आहे. याउलट नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत भारतीय शहरांच्या मिश्र कचऱ्याचे मूल्य साधारणपणे ८०० ते १,००० किलोकॅलरींच्या आसपास आढळले होते.

ओला माल कधीच जळत नाही असे मात्र नाही. साखर कारखान्यात चरकातून निघालेल्या उसाच्या चोथ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, तरी त्यावर कारखान्याचे बाष्पक चालतात. कारण त्यात राख अवघी दोन-तीन टक्के असते, म्हणजे उरलेला जवळजवळ अर्धा भाग ज्वलनशील असतो. गुऱ्हाळात तर चिपाड उन्हात वाळवूनच चुलवणात घालतात. पाणी आटविण्याचा खर्च इंधनाऐवजी सूर्याकडून करून घेण्याची ही युक्ती ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पावसाळ्याची परीक्षा

उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यावरून काढलेला ताळेबंद पावसाळ्यात टिकेलच असे नाही. ओलाव्याचा प्रत्येक किलो आटविण्यास व तापविण्यास मिळून सुमारे १,०३५ किलोकॅलरी खर्च येतो. यावरून दिसेल की वर उल्लेखिलेल्या १०० किलो सुक्या कचऱ्यात ३५ लिटर पावसाचे पाणी मुरले, तर सारी शिल्लक संपते. गोवा आणि कोकण यांसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात उघड्या ढिगाऱ्यावर इतके पाणी मुरण्यास वेळ लागत नाही. म्हणून भट्टीच्या अंदाजपत्रकात कचऱ्यासाठी पक्के छप्पर, उंच ओटा आणि पाण्याचा निचरा यांची तरतूद आवश्यक मानली पाहिजे. छप्पराचा खर्च वाचविणाऱ्यास तो डिझेलच्या रूपाने पुढे भरावाच लागतो.

ओल्या कचऱ्याचा योग्य मार्ग

ओला कचरा आगीला नको असला, तरी तो निरुपयोगी नाही. बंदिस्त टाकीत जिवाणूंकरवी त्याचे विघटन केले, तर त्यातून ज्वलनशील वायू आणि खत मिळते. या क्रियेस पाणी आटवावे लागत नाही, उलट पाण्याची गरजच असते. भट्टीत जो ओलावा शत्रू ठरतो, तोच येथे मित्र होतो. गोव्यात साळगाव येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात हेच तत्त्व अवलंबिले आहे. इंदूर येथे देवगुराडिया परिसरात दररोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा वायुप्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी कार्यान्वित झाला. घरोघरचे वर्गीकरण हाच या शहराच्या यशाचा पाया आहे. लहान गावात तर कंपोस्ट खड्डा किंवा गोबरगॅसची टाकीही हे काम करू शकते.

सुक्या परंतु पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्यासाठीही प्रत्येक गावाने स्वतंत्र भट्टी बांधलीच पाहिजे असे नाही. सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापविला जातो. तेथे असा कचरा कोळशाच्या जोडीने जाळता येतो आणि राखही सिमेंटमध्ये सामावते. गोव्यातून असा सुका कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे पाठविण्यात आलेला आहे.

गावपातळीवरील तपासणी

ताळेबंदाचा पाया म्हणजे खरा नमुना. गाडीतील वरवरचा कचरा उचलून तो मिळत नाही. ढीग नीट मिसळून त्याचे चार समान भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूस सारावेत आणि नमुना हाताळण्याजोगा होईपर्यंत ही कृती पुन्हा करावी. प्रयोगशाळेत हा नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा मोजतात आणि नंतर जाळून राख मोजतात. उष्णतामूल्य बाँब कॅलरीमापक या उपकरणाने काढतात. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंतील नमुने तपासल्याशिवाय आकडा विश्वसनीय मानू नये.

शाळांतील विज्ञान शिक्षकांना ओलाव्याचा प्रयोग सहज करता येईल. शाळेच्या आवारातील १० किलो कचरा तोलून ताडपत्रीवर पसरावा, काच व टोकदार वस्तू शिक्षकांनी हातमोजे घालून आधी काढून घ्याव्यात आणि काही दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा तोलावा. जितके किलो वजन घटले, तितक्यांना १,०३५ ने गुणावे. भट्टीला केवळ पाण्यापायी किती किलोकॅलरी मोजाव्या लागल्या असत्या, हे विद्यार्थ्यांना स्वतःच काढता येईल. उन्हात सर्व ओलावा जात नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा अधिकच असतो.

भट्टीचा प्रस्ताव सभेपुढे आला असता सदस्यांनी पुढील माहिती लेखी मागावी: कचऱ्याचे नमुने कोणत्या महिन्यांत घेतले, त्यांत ओलावा, राख व ज्वलनशील भाग किती आढळला, पावसाळ्यातील ताळेबंदात शिल्लक आहे की तूट, तूट असल्यास दररोज किती इंधन लागेल व त्याचे पैसे कोणत्या निधीतून येतील, आणि उरणारी राख कोठे टाकली जाईल. मिश्र कचऱ्याच्या उदाहरणात १०० किलोंमागे किमान २५ किलो राख उरते, हे विसरता कामा नये. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर निर्णय सोपा होतो. ती मिळत नसतील, तर ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवून आधी नमुने तपासून घेणे हेच सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने हितावह ठरते. आणि तपासणी चालू असतानाच घरोघरी दोन बादल्यांची सवय लावता येईल, कारण कचरा पुढे भट्टीत जावो, वायूच्या टाकीत जावो किंवा खड्ड्यात जावो, वर्गीकरणाचे श्रम कधीच वाया जात नाहीत.